लोरिसचा अंडाशय आणि परळची प्रयोगशाळा

१९६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये टी. सी. आनंदकुमार या तरुण भारतीय प्राणिशास्त्रज्ञाचा एक निबंध छापून आला. विषय होता लोरिस. दक्षिण भारतातल्या जंगलात रात्री हिंडणारा, वाटोळ्या डोळ्यांचा, ओंजळीत मावेल एवढा हा प्राणी म्हणजे माकडांचा दूरचा भाऊबंद. एल. एस. रामस्वामी यांच्याबरोबर आनंदकुमार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून म्हैसूरकडच्या लोरिसच्या प्रजननाचा अभ्यास करत होते. या निबंधात त्यांनी प्रौढ मादीच्या अंडाशयाचं वर्णन केलं होतं. अंडाशयाच्या बाहेरच्या थरात पेशींचे छोटे छोटे पुंजके होते. या साध्या पेशी नव्हत्या, स्त्रीबीजांच्या मातृपेशी होत्या. काही ऐन विभाजनात सापडल्या होत्या, तर काही त्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे मातृपेशीचं बीज होऊ लागतं त्या अर्धसूत्री विभाजनाच्या उंबरठ्यावर.

माणसात ही पायरी मुलगी आईच्या पोटात असतानाच संपते. निदान वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात तसं लिहिलेलं होतं, आणि आजही आहे. मुलगी जन्माला येते ती बीजांची आयुष्यभराची शिदोरी बांधूनच. त्यानंतर भर पडत नाही, फक्त खर्च होतो. लोरिसच्या बाईसाहेब मात्र वयात आल्यावरही नवी शिदोरी बांधायला बसलेल्या दिसत होत्या.

मौज अशी की त्या सुमारास आनंदकुमार बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शरीररचनाशास्त्र विभागात होते, आणि 'भर पडत नाही' हा नियम ज्यांनी पक्का केला त्या सॉली झुकरमन यांनीच तो विभाग नावारूपाला आणला होता.

या नियमाचा पहिला मजबूत पाया जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८७० मध्ये घातला. अंडाशयावरच्या ग्रंथात त्यांनी मांडलं की सस्तन मादीची बीजं जन्माच्या आसपास तयार होऊन जातात. हे गृहस्थ नावं ठेवण्यात वाकबगार. 'क्रोमोसोम' हा शब्द त्यांचा, 'न्यूरॉन' हाही त्यांचाच. त्यांचं म्हणणं पन्नासेक वर्षं टिकलं. मग १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन यांनी उंदरांच्या अंडाशयांचे काप पाहून सांगितलं की प्रौढ मादीत दर ऋतुचक्राला पृष्ठभागावरच्या आवरणातून नवी बीजं तयार होतात. १९३१ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि ऑलिव्ह स्वीझी यांनी कॅलिफोर्नियातून तेच मत अनेक सस्तन प्राण्यांच्या नमुन्यांवरून जोरात मांडलं. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या दोन दशकांत 'बीजं नव्याने बनतात' हे मत चक्रम समजलं जात नव्हतं. उलट बऱ्याच अभ्यासकांना तेच पटत होतं. आज हे कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं ते सांगायला हवं, कारण नंतरच्या भांडणात नव्या पक्षाला 'पाखंडी' ठरवताना हा इतिहास सोयीस्करपणे गाळला जातो.

झुकरमन हे प्रकरण वेगळंच. जन्म १९०४, केप टाउन. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बबून माकडांच्या टोळीचा अभ्यास करून तिशीच्या आत गाजलेला माणूस. महायुद्धात बॉम्बफेकीची आखणी कशी करावी यावर ब्रिटिश सेनापतींना सल्ला देणारा, आणि पुढे ब्रिटिश सरकारचा मुख्य वैज्ञानिक सल्लागार. त्यांचा स्वभाव मोजण्याचा होता. बॉम्बने किती पूल पडले हेही मोजायचं आणि अंडाशयात किती बीजं उरली हेही. अनिता मँडल यांच्यासोबत त्यांनी उंदरांच्या अंडाशयांतली बीजं वयानुसार मोजली. संख्या खालीच जात होती, कुठेही वर येत नव्हती. एक अंडाशय काढून टाकला तरी उरलेल्यात नवा साठा होत नव्हता. क्ष-किरणांनी बीजं मारली तर ती परत येत नव्हती. १९५१ मध्ये त्यांनी हा सगळा पुरावा एका दीर्घ निबंधात मांडला आणि निकाल दिला: वाल्डेयर बरोबर, ॲलन चूक. विरुद्ध बाजूने एकही पुरावा टिकत नाही, असा सूर होता. त्यानंतर पन्नास वर्षं या प्रश्नाला कुणी फारसा हात लावला नाही.

पुढे बर्मिंगहॅमलाच टी. जी. बेकर यांनी १९६३ मध्ये माणसाचे आकडे दिले, आणि प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला ते पाठ असतात. मुलीच्या पाच महिन्यांच्या गर्भात सुमारे ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी २० लाखांच्या आसपास राहतात आणि त्यातल्याही बऱ्याचशा मरणपंथाला लागलेल्या असतात. सातव्या वर्षापर्यंत उरतात सुमारे ३ लाख. पाळी जायच्या वेळी हजारभर. यातली प्रत्यक्ष बाहेर पडतात ती आयुष्यभरात सुमारे ४००. बाकी सगळी जागच्या जागी विरतात.

हे पचवायला कठीण जातं. आम्ही बुऱ्हाणपूरची माणसं. सिंधीपुऱ्यातलं लहान मूलसुद्धा तुम्हाला सांगेल की मुमताज महल इथेच वारली, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात, आणि तिला आधी दफन केलं ते तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात. लग्न १६१२ चं. एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणं. आमच्याकडे गप्पांत कुणीतरी म्हणतंच की बाई बिचारी आतून रिती झाली असेल. थकव्याच्या, रक्ताच्या अर्थाने खरंही असेल. पण बीजांचा हिशेब वेगळा आहे. चौदा बाळंतपणांना लागली ती चौदा बीजं. आणि गरोदरपणात महिनोन्महिने बीज बाहेर पडत नाही म्हणून साठा वाचतो असंही नाही, कारण मुख्य घट होते ती वाट पाहणाऱ्या बीजांच्या मरण्याने, बाहेर पडण्याने नाही. अडतिसाव्या वर्षी मेलेल्या त्या बाईच्या अंडाशयात तेव्हाही हजारो बीजं शिल्लक असणार. या आतल्या हिशेबात कधी भर पडते का, हा पुढच्या वादाचा मुद्दा होता.

आनंदकुमारांचा लोरिस या हिशेबात बसत नव्हता. मग काय झालं? काहीच नाही. लोरिस आणि आफ्रिकेतली त्याची भावंडं, गॅलेगो, हे अपवाद आहेत असं ठरलं. पुंजके दिसतात हे मान्य, पण त्यातून बनणारी बीजं टिकतात का, त्यांची पिल्लं होतात का, हे कुणी दाखवलेलं नाही, असा आक्षेप आला. तो खराही होता. मात्र 'सस्तन मादीत कधीच नाही' या वाक्याला 'एक-दोन सस्तन सोडून' अशी पुरवणी जोडावी लागली, आणि पाठ्यपुस्तकांनी ती जोडली नाही.

आनंदकुमार भारतात परतले. दिल्लीच्या एम्समध्ये काम केलं आणि १९८० च्या दशकात परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक झाले. हीच संस्था आज राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर ती आहे, केईएम हॉस्पिटलजवळ, टाटा कॅन्सर हॉस्पिटलजवळ. परळच्या या पट्ट्यात चालताना एका बाजूला लेकुरवाळ्या बायका, दुसऱ्या बाजूला कॅन्सरच्या फाइली काखेत धरलेले गावाकडचे नातेवाईक, आणि मधे उंदरांच्या पिंजऱ्यांच्या खोल्या.

केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आनंदकुमारांची संस्था यांनी मिळून शरीराबाहेर गर्भधारणा घडवली, आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा चावडाचा जन्म झाला. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. हे तंत्र पूर्णपणे झुकरमनच्या नियमावर उभं आहे, हे इथे ध्यानात घ्यायचं. आहेत तेवढ्या बीजांपैकी काही हार्मोनच्या जोरावर पिकवायची, काढायची, बशीत फलित करायची. नवी बनवण्याचा प्रश्नच नाही.

एक विषयांतर करतो, पण माणूस कळायला ते लागतं. १९९७ मध्ये आनंदकुमारांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा नसून १९७८ मध्ये कोलकात्यात जन्मलेली दुर्गा आहे, आणि ते श्रेय डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं आहे. सरकारी समितीने ज्यांची टर उडवली आणि ज्यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली ते मुखोपाध्याय. आनंदकुमारांनी त्यांच्या हाताची टिपणं वाचली आणि स्वतःच्या नावामागचा 'पहिला' काढून टाकला. शास्त्रज्ञांत असं फारसं घडत नाही. २०१० मध्ये ते गेले.

त्याआधी सहा वर्षं, मार्च २००४ मध्ये, बॉस्टनच्या जोनाथन टिली यांच्या गटाने 'नेचर'मध्ये लिहिलं आणि बंद फाइल उघडली. त्यांची सुरुवात झुकरमनसारखीच मोजण्यापासून होती. फक्त जिवंत बीजं न मोजता त्यांनी मरणारीही मोजली. तरुण उंदरीच्या अंडाशयात एवढी बीजं एकाच वेळी मरताना दिसतात की त्या वेगाने साठा काही आठवड्यांत संपायला हवा. पण तो महिनोन्महिने पुरतो. म्हणजे कुठूनतरी भर पडत असली पाहिजे. मग बीजपेशी मारणारं बुसल्फान हे औषध देऊन आणि चमकणाऱ्या उंदरांत साध्या अंडाशयाचा तुकडा बसवून त्यांनी पुरावे गोळा केले. तुकड्यात चमकणारी बीजं दिसली.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी मोठी उडी मारली. केमोथेरपीच्या औषधांनी वांझ केलेल्या उंदरीला अस्थिमज्जा दिली की अंडाशयात बीजं परत दिसतात, म्हणून बीजांचा उगम मज्जेत आणि रक्तात आहे, असं ते म्हणाले. इथे माझं मत स्पष्ट आहे: हे दुसरं पाऊल घाईचं होतं आणि पहिल्या पावलाचंही त्याने नुकसान केलं. २००६ मध्ये केव्हिन एगन, एमी वॅजर्स आणि इतरांनी दोन उंदरी एकमेकींना शिवून त्यांचं रक्त महिनोन्महिने एकत्र वाहू दिलं. एकीच्या पेशी दुसरीच्या रक्तात भरपूर पोहोचल्या. पण बाहेर पडलेल्या बीजांत दुसरीचं एकही नव्हतं. मज्जेची गोष्ट तिथे संपली.

मूळ प्रश्न मात्र संपला नाही. २००९ मध्ये शांघायच्या जी वू यांच्या गटाने नवजात उंदरीच्या अंडाशयातून पेशींचा वाण वाढवला, तो वांझ उंदरीत सोडला आणि पिल्लं मिळवली. २०१२ मध्ये टिलींनी प्रजननवयातल्या स्त्रियांच्या अंडाशयातून अशा पेशी वेगळ्या काढल्याचं सांगितलं. त्याच वर्षी कुई लियू यांच्या गटाने उंदरांच्या अंडाशयात रंगखुणा लावून पाहिलं, तर बीज बनवणाऱ्या विभाजित पेशी दिसल्या नाहीत. पुढच्या वर्षी ॲलन स्प्रॅडलिंग यांच्या प्रयोगशाळेनेही तोच निष्कर्ष काढला.

या घोळात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. अंडाशयात अशी पेशी आहे का, की जी बशीत, पोषकद्रव्यांत, आठवडेच्या आठवडे चुचकारली तर बीजासारखं काहीतरी होते? आणि जिवंत बाईच्या अंगात ती पेशी खरोखर नवं बीज बनवते का? पहिल्याला 'बहुधा हो' असं उत्तर येऊनही दुसऱ्याला 'नाही' असू शकतं. टिलींच्या विरोधकांना हा फरक करायचा नव्हता आणि टिलींनाही सोयीचा नव्हता, कारण एव्हाना बाजार तयार झाला होता. २०११ मध्ये ओव्हासायन्स ही कंपनी निघाली. तिची 'ऑगमेंट' ही पद्धत अशा पेशींतली मायटोकॉन्ड्रिया बीजात टोचायची. २०१५ मध्ये टोरोंटोत या पद्धतीने बाळ झालं आणि बातम्या झळकल्या. नंतर स्पेनमध्ये तिची तुलना साध्या पद्धतीशी करून पाहिली, तर फायदा दिसला नाही. कंपनी २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन नाहीशी झाली.

आणि आता पुन्हा परळ. आनंदकुमारांच्या त्याच संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने २०११ मध्ये 'स्टेम सेल्स अँड डेव्हलपमेंट'मध्ये निबंध छापला. ससा, मेंढी, माकड आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्या अंडाशयांचा पृष्ठभाग त्यांनी हलक्या हाताने खरवडला. मिळालेल्या पेशींत दोन आकार होते. एक तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान, आणि दुसरा त्याहून थोडा मोठा. तीन आठवडे वाढवल्यावर बशीत बीजासारख्या गोल पेशी दिसल्या. लहान पेशींना त्यांनी 'अतिसूक्ष्म गर्भसदृश मूलपेशी' म्हटलं. ही कल्पना मूळ लुईव्हिलच्या मारियुश रातायचॅक यांची, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत अशा पेशी स्लोव्हेनियात इर्मा विरांत-क्लुन यांनाही दिसल्या होत्या.

पण परळचं खास म्हणणं वेगळं आहे, आणि ते एका नळीत दिसतं. पेशी वेगळ्या करायच्या तर द्रव नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. जड पेशी तळाशी बसतात, वरचं पाणी ओतून द्यायचं. बहुतेक प्रयोगशाळा मंद गतीने फिरवतात, कारण पेशी चिरडू नयेत. भारतीय यांचं म्हणणं असं की या सूक्ष्म पेशी मंद गतीला तळाशी बसतच नाहीत, त्या वरच्या पाण्यातच राहतात. गती वाढवून, गुरुत्वाच्या हजारपट ताणावर फिरवलं तर त्या सापडतात. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळा ज्या पेशी शोधत होत्या त्या सिंकमध्ये ओतून देत होत्या.

२०१३ मध्ये या गटाने मेंढीच्या अंडाशयांत दाखवलं की एफएसएच या हार्मोनला या पेशी एका वेगळ्या प्रकारच्या ग्राहकाने प्रतिसाद देतात. २०१५ मध्ये उंदरांना बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड दिल्यावर बीजांचे फॉलिकल, म्हणजे बीजाभोवतीच्या पिशव्या, नष्ट झाले, पण सूक्ष्म पेशी जगल्या, असा अहवाल आला. त्यामागचा तर्क सुसंगत आहे. केमो मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतं. ज्या पेशी क्वचितच विभागतात त्या वाचतात. सायक्लोफॉस्फामाइड हे औषध टाटाच्या वॉर्डात रोज सलाइनमधून जातं. दोन-चार मिनिटांच्या अंतरावर एका इमारतीत ते उंदरीला टोचून पाहत होते की काय उरतं, आणि दुसऱ्या इमारतीत एखाद्या मुलीच्या अंगात ते शिरत होतं.

या पेशींच्या अस्तित्वावरच शंका घेणारेही होते. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या वाइसमन यांच्या प्रयोगशाळेला प्रौढ उंदरांत अशा सर्वगुणी सूक्ष्म पेशी सापडल्या नाहीत. आणि २०२० मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने स्त्रियांच्या अंडाशयातल्या चोवीस हजारांहून अधिक पेशी एकेक करून वाचल्या. बीज बनवणाऱ्या मूलपेशी त्यात नव्हत्या. टिली ज्या प्रतिपिंडाने पेशी पकडत होते त्याच प्रतिपिंडाने पकडलेल्या पेशी रक्तवाहिन्यांभोवतालच्या निघाल्या. भारतीय यांचं उत्तर ठरलेलं होतं: तुमच्या पद्धतीत सूक्ष्म पेशी निसटल्या.

हे उत्तर खोटं आहे असं मला म्हणवत नाही. पण प्रत्येक अपयशाला 'तुम्ही पाणी ओतलं' असंच उत्तर देणारा दावा तेव्हाच जड होतो जेव्हा परळबाहेरची, या पेशींशी देणंघेणं नसलेली एखादी प्रयोगशाळा ते पाणी राखून ठेवते, जोरात फिरवते आणि तिथून बीज, बीजापासून पिल्लू दाखवते. माणसाच्या बाबतीत ते अजून झालेलं नाही. आज पुराव्याचं पारडं झुकरमनच्याच बाजूने झुकलेलं आहे, लोरिसची गोष्ट बाजूला ठेवून.

दरम्यान दवाखाने थांबले नाहीत. मुंबई, पुणे, नागपूर, कुठेही अंडाशय 'टवटवीत' करण्याच्या जाहिराती दिसतात. रुग्णाचं रक्त फिरवून प्लेटलेट अंडाशयात टोचायच्या, किंवा मज्जेतल्या पेशी टोचायच्या. २०१८ मध्ये मज्जेच्या पेशी टोचल्यावर ४५ वर्षांच्या स्त्रीला बाळ झाल्याची एक केस भारतीय डॉक्टरांनी जर्नलमध्ये छापली. एका बाळावरून नवं बीज बनलं हे सिद्ध होत नाही. झोपलेला शेवटचा फॉलिकल जागा झाला असेल तरीही बाळ होतंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या आजारांतल्या मान्य मज्जारोपणाखेरीज मूलपेशींचा उपचार म्हणजे प्रयोग, आणि तो नोंदणीकृत चाचणीतच व्हावा. शाळा-कॉलेजच्या वयात पाळी बंद झालेल्या मुलीचे आईबाप ती तत्त्वं वाचत नाहीत. त्यांच्या हातात असतो बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएच चाचणीचा कागद, त्यावर शून्याजवळचा आकडा, आणि जाहिरातीतला फोन नंबर.

२००४ मध्ये, टिलींचा निबंध आला त्याच वर्षी सप्टेंबरात, ब्रुसेल्समध्ये जाक डोने यांनी एक बाळ जन्माला आणलं. त्याच्या आईला कॅन्सर होता. केमोच्या आधी तिच्या अंडाशयाची पट्टी काढून गोठवून ठेवली होती आणि बरी झाल्यावर तिच्याच पोटात परत बसवली. बीजं तीच, जन्माआधीची, फक्त काही वर्षं फ्रीजरमध्ये गेलेली. नवं काही बनलं नाही, पण नाश टळला. आज केमोला निघालेल्या मुलीसाठी वैद्यकाकडे जे काही आहे ते याच रांगेतलं आहे: बीजं गोठवणं, अंडाशयाची पट्टी गोठवणं, आणि हा विचार पहिली सलाइन लागण्याआधी करणं, कारण त्यानंतर काय उरतं त्यावर परळ आणि स्टॉकहोम यांचं अजून एकमत नाही.